दाजींनी ट्रॅक्टर पसंत केला

आमचे दाजी सासुरवाडीला आले, की आधी पाय धुवायचे, मग गूळपाणी घ्यायचे आणि टोपी खुंटीला अडकवून काहीतरी मोजायला काढायचे. खाकी कोटाच्या खिशात चामड्याच्या गोल डबीत गुंडाळलेला टेप असायचा. होता सरकारी, पण सरकारपेक्षा आमच्याच घराची मापं त्याने जास्त घेतली असतील. गोठ्याचं दार, धान्याची कणगी, नवी विणलेली बाज, आणि एकदा तर माझ्या बायकोने थापलेली भाकरी. "तव्यापरीस दोन बोटं लहान थापावी, म्हंजी कड करपत न्हाई," असं त्यांनी तिला सांगितलं आणि ती नवी नवरी पदर तोंडाला लावून आत पळाली. दाजी ताडमाड उंच आणि आमची आक्का बुटकी. आमचे वडील म्हणायचे, "पोरगी बघायला आले तवा टेप घरी विसरले हुते, म्हनून आपली आक्का खपली."

दाजी घोड नदीच्या पाटावर इन्स्पेक्टर होते. म्हणजे कोणत्या चारीला, पाटाच्या फाट्याला, कधी पाणी सोडायचं, कुणाच्या रानाला किती वेळ द्यायचं, हे त्यांच्या हातात. श्रीगोंद्याकडच्या आमच्या त्या कोरड्या मुलखात पाट आला, तेव्हापासून पाटावरच्या माणसाला कलेक्टरापेक्षा जास्त मान. दाजी सायकलवरून पाटाच्या भरावाने निघाले, की दोन्ही अंगांची माणसं खुरपं खाली ठेवून उभी राहायची. कुणी रामराम घालायचं, कुणी उसाची दोन कांडकी पुढे करायचं. दाजी ऊस घ्यायचे नाहीत. रामराम घ्यायचे. तो मात्र एकही चुकू द्यायचे नाहीत, सायकलचं हँडल एका हातात धरून प्रत्येकाला मान हलवून परतफेड करायचे.

पाण्याच्या बाबतीत माणूस असा कडक, की विचारू नका. एका उन्हाळ्यात माझे कांद्याचे दोन वाफे उरले आणि पाण्याची पाळी संपली. मी चारीच्या दाराशी जाऊन म्हटलं, "दाजी, अर्ध्या तासाचं तर काम हाय." त्यांनी घड्याळ बघितलं, लोखंडी दार खाली केलं, कुलूप घातलं आणि म्हणाले, "किसनराव, पाटाला बहीन-मेव्हना नसतो. पुडच्याचं रान मोजून ठिवलंय, त्याचं पानी त्याला." माझे दोन वाफे वाळले. मी महिनाभर त्यांच्याशी धड बोललो नाही. पण नंतर चावडीवर तीच गोष्ट मी मिशीवर हात फिरवत सांगायचो. आमचे दाजी म्हणजे असे आहेत! सख्ख्या मेव्हण्याला थेंब जास्त दिला नाही!

त्यांच्या तोंडी एक म्हण कायम असायची, अंगापेक्षा बोंगा मोठा नको. कुणी पोराच्या लग्नात बँड आणतो म्हटलं, की दाजी म्हणायचे. कुणी विहिरीवर लागतं त्यापेक्षा मोठं इंजिन बसवलं, की म्हणायचे. मी एकदा नगरहून चेनचं घड्याळ आणलं, ते मनगटावर सैल होत होतं, तेव्हाही तेच. मी त्यांच्यापेक्षा सोळा-सतरा वर्षांनी लहान. वडील गेल्यावर शेतीतलं जे काही शिकलो, ते दाजींकडून. बी किती पेरावं, खत किती घालावं, कुणाला किती शब्द द्यावा, सगळ्याला त्यांच्याकडे माप होतं. मी त्यांना देव मानत होतो असं म्हणणार नाही, कारण देवाशी मी भांडायचो. दाजींशी कधी भांडलो नाही.

त्यांचं रान आमच्या शिवेला लागून होतं. ते नोकरीत, मुलगा पुण्याला शिकायला, तेव्हा रान बघणारा मीच. आमच्यात सावड चालायची. सावड म्हणजे तुझ्या रानात माझी बैलं, माझ्या रानात तुझं औत, हिशेब कुणी ठेवायचा नाही. दाजींचा वाटा म्हणजे त्यांचा ट्रॅक्टर. कुठल्याशा लिलावात घेतलेलं जुनं परदेशी धूड होतं ते, अंगाने हत्ती आणि खायला राक्षस. सुरू करायला पुढून हँडल मारावं लागे आणि हँडल उलटं फिरलं तर मनगट जागेवर राहत नसे. वळवायला तर दोन माणसं हवीत, एक चाकावर आणि एक देवाचं नाव घ्यायला. माझ्या बैलांनी वर्षभर दोन्ही रानं सांभाळायची आणि त्या धुडाने उन्हाळ्यात नांगरट करायची, असं आमचं ठरलेलं. दाजी रविवारी स्वतः त्याच्यावर बसायचे आणि सोमवारी आक्काकडून खांदा शेकून घ्यायचे.

रिटायर व्हायला चार वर्षं राहिली, तेव्हा एका सोमवारी खांदा शेकता शेकताच दाजींनी जाहीर केलं, "हे धूड आता इकायचं. नोकरीत हाय तवरच नवा ट्रॅक्टर घ्यायचा. ल्हान घ्यायचा. म्हातारपनी मला त्याच्यावर चढता आलं पायजे आन् उतरता आलं पायजे. चढायला काय, समद्यांनाच जमतं."

पुढे वर्षभर त्यांनी ट्रॅक्टर ज्या रीतीने निवडला, तसा आमच्या भागात कुणी जावईसुद्धा निवडला नसेल. ज्याच्या ज्याच्या दारात ट्रॅक्टर उभा, तिथे आम्ही दोघं जायचो. लोक आपल्या ट्रॅक्टरची तारीफ सुरू करायचे. दाजी मध्येच विचारायचे, "वर्साचे किती दिवस ह्याचा पुरा जोर लागतो?" मालक टोपी काढून डोकं खाजवायचा. मग बांधावरून परतताना ते मला समजावायचे, "बगा, पन्नास हॉर्सपॉवरचा घेतला, तर त्याला काम हुडकत लोकांच्या बांधावर फिरावं लागतं. भाड्यानं नांगरा, ट्रॉली वढा, ड्रायव्हर ठिवा. आपली दोघांची मिळून जमीन केवढी? वीसचा भरपूर झाला. बी त्यानं पेरायचं, कोळपायचं त्यानंच, आन् खोल नांगरट तीन सालांतून एकदा, ती भाड्यानं करून घिऊ."

नगरला स्टेशन रोडच्या एका दुकानात तर त्यांनी कहरच केला. एकेका ट्रॅक्टरवर चढून बसले, क्लचवर पाय पोचतो का, मान वळवून मागचं औत दिसतं का, गुडघा कुठे घासतो, सगळं बघितलं. मग खाली उतरून टेप काढला आणि मागच्या दोन चाकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर माझ्याकडून धरून घेतलं. विकणारा पोरगेलासा गृहस्थ घामाघूम झाला. म्हणाला, "साहेब, तुमच्यासारख्या माणसाला हा लहान शोभत नाही. पन्नासचा घ्या, गावात नाव होईल." दाजी हसले. म्हणाले, "बाबा, मला मिरवायला नवरी न्हाई बगायची, घरात वावरायला सून बगायचीय." दुकानातली झाडून सगळी माणसं हसली. मी सगळ्यात मोठ्याने हसलो. तो पोरगेला गृहस्थ मात्र हसला नव्हता, आणि आज वाटतं, त्या दिवशी दुकानात माणसं ओळखणारा तो एकटाच होता.

घरी येऊन दाजींनी अंगणात राखेने त्या वीसच्या ट्रॅक्टरची चाकं आखली. तेवढीच रुंदी धरून ते स्वतः हात पसरून अंगणात वळायचे, तोंडाने फुर्रर्र आवाज काढत. तुळशीपासून गोठ्यापर्यंत ट्रॅक्टर कुठेही न घासता वळला, तेव्हा त्यांना झालेला आनंद मी अजून विसरलो नाही. आक्काने सकाळी सारवलेलं अंगण तुडवलं म्हणून ती ओरडत होती आणि एवढा पाटाचा साहेब अपराध्यासारखा राखेत उभा होता. त्या माणसावर मी किती माया केली, हे असं काही आठवलं की कळतं. मग राग आणखी येतो.

धूड विकून वीसच्या ट्रॅक्टरची नोंदणी केली. त्या काळी नोंदणी केली म्हणजे ट्रॅक्टर मिळाला असं नव्हतं. नंबर लागायला वर्षं जायची. त्याच पावसाळ्यात मी लिंबोणीची बाग लावायला घेतली. आमच्याकडे लिंबाची बाग लावायची तर झाडांत अठरा-वीस फूट ठेवायचे, ही रीत. दाजी पाटावरून मुद्दाम आले. टेप काढला. म्हणाले, "बारा फुटांवर लावा. झाड पुरं वाढलं तरी मदी आपला ल्हान ट्रॅक्टर बरुबर जातो, दोनी बाजूंना वीत-वीत उरती. जागा कशाला वाया घालवायची? दीडपट झाडं बसतील." आम्ही दोघांनी दोरी धरून ओळी आखल्या. खड्ड्यांवर चुना त्यांनी स्वतःच्या हाताने टाकला.

शेजारचे बाबूराव बांधावर उभे राहून बघत होते. म्हणाले, "किसन, बाग लावतुयास का कुंपन घालतुयास? मोठ्या झाडांच्या मदी बैल तरी वळंल का?"

मी दाजींकडे बघितलं. लिंबोणी लावायची म्हणजे पंचवीस-तीस वर्षांचं काम, पुन्हा उपटून लावता येत नाही. मी विचारलं, "दाजी, वीसचाच येनार ना पन?"

"माजा शब्द हाय," दाजी म्हणाले.

एवढंच. आणि एवढंच पुरेसं होतं. आमच्यात दाजींच्या शब्दाला साक्षीदार मागत नाहीत. बहीण दिलेल्या घराचा शब्द तो. त्यावर "पण" म्हटलं, की घरी आक्काला जेवण गोड लागत नाही.

मग तो दुष्काळ आला. ज्यांनी बघितला त्यांना सांगायला नको. पाट कोरडा पडला. माझी विहीर तळाला जाऊन मुश्किलीने घागर बुडेल एवढं पाणी द्यायची. त्या पाण्यावर मी आणि बायकोने बाग जगवली, झाडामागे तांब्या-तांब्या घालून. तिच्या कमरेचं दुखणं तेव्हापासूनचं. वैरण कुठे मिळेना. दाजी म्हणाले, "किसनराव, बैलं इकून टाका. हाडं उरायच्या आत इका. ट्रॅक्टरचा नंबर लागायचाच हाय आता." मी हौशा-पवळ्याची जोडी घोडेगावच्या बाजारात नेऊन विकली. रिकामं दावं खांद्यावर टाकून घरी आलो, तर बायकोने विचारलं, "आता औताचं कसं?" मी म्हणालो, "दाजी हायेत."

दुष्काळ सरला आणि दाजी रिटायर झाले. कचेरीत निरोपसमारंभ झाला. शाल, हार, पेढे, साहेबांचं भाषण. दाजींनी आपला टेप सरकारजमा केला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि कारकून लोक हसू दाबत होते.

त्यानंतरच्या दिवसांकडे मी तेव्हा नीट लक्ष दिलं नाही. दाजी सवयीने सकाळी पाटाच्या भरावावर फिरायला जायचे. एकदा मी बरोबर होतो. समोरून फटफटीवर एक बागाईतदार आला. पूर्वी हाच गडी दाजी दिसले की बैलगाडीतून उतरून पायी चालायचा. आता तो आमच्या अंगावरून धूळ उडवत निघून गेला. खाली चारीवरची माणसं खुरपत होती, त्यांतल्या एकानेही मान वर केली नाही. नवा इन्स्पेक्टर पलीकडच्या दाराशी उभा होता, सगळ्यांचे डोळे तिकडे. दाजींचा हात रामराम घ्यायला अर्धा वर गेला होता. त्यांनी तो तसाच टोपीकडे नेला आणि टोपी नीट केली. "दिसलो न्हाई वाटतं," म्हणाले. मी बापडा घरी येईपर्यंत माझ्या लिंबोणीला आलेली पहिली फुलं त्यांना वर्णन करून सांगत होतो.

नंबर लागला. गुरुवारी दोघांनी नगरला जायचं आणि ट्रॅक्टर मी चालवत आणायचा, असं ठरलं होतं. बुधवारी सकाळीच निरोप आला, की दाजी आजच पुढे गेलेत, किसनरावांनी तसदी घेऊ नये. मला वाटलं, हौस. माणसाला हौस असते. मी उलट घाईने तयारीला लागलो. बायकोने ओवाळायचं ताट केलं. झेंडूची माळ ओवली. आक्का सकाळपासून आमच्याकडे येऊन बसली होती, नवं लुगडं नेसून. बागेच्या पहिल्या ओळीतला काडीकचरा मी स्वतः झाडून काढला, कारण दाजी म्हणाले होते, ट्रॅक्टर आला की पयल्यांदा तुमच्या बागेतून फिरवू.

दिवस कलता कलता आवाज आला. ट्रॅक्टर दिसायच्या आधी आवाज येतो आणि वर्षभर दारोदार हिंडून ट्रॅक्टर ऐकलेले माझे कान. वीसचा टकटक करतो. हा घुमत येत होता. मी बायकोला म्हटलं, "दुसऱ्या कुनाचा तरी हाय." मग वळणावर तो दिसला. लालभडक, माझ्या खांद्याएवढी मागची चाकं, पुढे हार, मागे ट्रॉली. कुणी अनोळखी ड्रायव्हर चालवत होता. शेजारी मडगार्डवर कोट-टोपी घालून दाजी बसले होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांची माणसं उठून उभी होती. दाजी एका हाताने मडगार्ड धरून प्रत्येकाचा रामराम घेत होते.

ट्रॅक्टर माझ्या बागेच्या तोंडाशी येऊन थांबला. दाजी वरूनच म्हणाले, "किसनराव, नारळ फोडा."

मेव्हण्याचा मान असतो तो. आक्का ताट घेऊन पुढे झाली. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. वीसचा नंबर दाजींनी पन्नासच्यावर फिरवून घेतल्याचं तिला आदल्या दिवसापासून माहीत होतं, हे मला त्या क्षणी कळलं. मी नारळ फोडला. पाणी चाकावर टाकलं. हळद-कुंकू वाहिलं, माळ घातली, दाजींच्या पाया पडलो. हातपाय आपलं काम करत होते आणि मी मात्र कुठेतरी लांब उभा होतो.

मग विचारलं. "दाजी, आन् बागेत?"

दाजींनी बागेकडे बघितलं. बघितलं म्हणजे नजर वरून नेली. "त्यात काय. एक वळ सोडून एक काढून टाका. ऐसपैस हुईल बाग."

निम्मी झाडं! तांब्या-तांब्याने जगवलेली, फळ धरलेली निम्मी बाग उपटून टाका, असं तो माणूस पान खायला चुना मागावा तसं म्हणाला. आणि दाजी लगेच ड्रायव्हरला म्हणाले, "चल, मारुतीच्या पारावरनं घे."

मी झाडं काढली नाहीत. आठवडाभराने दाजींच्या ड्रायव्हरने, धन्याने सांगितलं म्हणून की आपल्याच आगाऊपणाने, देव जाणे, ट्रॅक्टर एका ओळीत घातला. दोन्ही बाजूंची झाडं सोलून निघाली. फांद्यांवरची हिरवी बोराएवढी लिंबं मातीत सडा पडल्यासारखी पडली होती. दाजी बांधावर उभे होते. मी ती लिंबं वेचत होतो आणि ती कशाला वेचतोय हे मलाच कळत नव्हतं. दाजी पुढे आले नाहीत. पाठ फिरवून घरी गेले. ज्याने पाटावर एका रानाचं पाणी कधी दुसऱ्या रानात जाऊ दिलं नाही, त्याने माझं तांब्या-तांब्याचं पाणी असं मातीत घातलं.

सावड त्या दिवशी तुटली. त्यांचं रान त्यांचा ड्रायव्हर बघायला लागला. मी एकच बैल आणू शकलो. दुसरा कुणाचा? तर बाबूरावांचा. "बाग का कुंपन" म्हणणारे तेच बाबूराव. एक शब्द टोचून न बोलता त्यांनी आपला बैल दिला. एक त्यांचा, एक माझा, अशी जोड करून आम्ही दोघांची मोकळी रानं केली. आणि लिंबोणीत एकाच बैलाला कोळपं जुंपून मी ओळीमागून ओळ काढत राहिलो. वळताना बैलाच्या पाठीला काटे लागायचे, माझ्या दंडाला लागायचे. बैलाला मी हळद लावायचो. चिडून लिहितोय असं कुणाला वाटेल, तर हो, चिडूनच लिहितोय.

आक्का एकदा दुपारची आली. लिंबोणीच्या सावलीला बसली. मग म्हणाली, "किसन, पाटावर हुते तवा मानसं उठून उभी ऱ्हायची रं त्यास्नी. घरी आले आन् समदं गेलं. जेवायचं टाकलं हुतं त्यांनी. मी म्हनलं, घ्या तुमाला काय घ्यायचं ते, पन जेवा."

"आन् माजं काय, आक्का?"

"तू माजा भाऊ हायस," ती म्हणाली. मी तिला लिंबं दिली, पदरात धरून ती घरी गेली.

समजलं मला. समजत नाही असं नाही. इतकी वर्षं ज्याच्यासाठी माणसं उभी राहिली, त्याला बसलेली माणसं बघवत नाहीत. पण समजलं म्हणून झाड पुन्हा येत नाही, आणि समजलं म्हणून विश्वासही येत नाही. त्यातून मजा अशी, की तो पन्नासचा त्यांना स्वतःला कधी चालवताच आला नाही. क्लच दाबायला गुडघ्यात जोर नव्हता. ड्रायव्हरची मर्जी सांभाळावी लागे. त्याला काम मिळावं म्हणून दाजी बांधोबांध फिरून भाड्याची नांगरट मागायचे. जे जे त्यांनी मला सांगितलं होतं, ते ते तसंच्या तसं त्यांच्या नशिबी आलं. मला त्याचा आनंद झाला नाही. व्हायला हवा होता.

आणि सगळ्यात जास्त रक्त कशाने खवळायचं सांगू? लोक त्यांच्याकडे ट्रॅक्टर विचारायला यायचे. कुठला घ्यावा, केवढा घ्यावा. दाजी खाटेवर बसून त्यांना तंतोतंत खरा सल्ला द्यायचे. जमीन किती, बाग आहे का, चालवणार कोण, वय काय. "वीसचा घ्या. अंगापेक्षा बोंगा मोठा नको." माणसं पटून जायची, लहान ट्रॅक्टर घ्यायची आणि सुखात राहायची. आमच्या पंचक्रोशीत दाजींच्या शब्दावर चालून फसलेला माणूस एकच. दर भाऊबिजेला मी आक्काकडे जायचो, दाजींच्या पाया पडायचो, त्यांच्या पंगतीला बसायचो. पीकपाणी, पाऊस, पोरांची शाळा, सगळं बोलायचो. बागेचं ते विचारत नसत आणि मी सांगत नसे.

बरीच वर्षं गेल्यावर दाजी खाटेला खिळले. छातीचं दुखणं होतं. मी बघायला गेलो. ताडमाड माणूस खाटेवर आखडून गेला होता. आक्का चुलीपाशी होती. दाजींनी मला जवळ बसवलं, माझा दंड धरला. काट्यांचे जुने वण होते त्यावर, त्यांवरून त्यांचा अंगठा फिरला. मला वाटलं, आता बोलणार. इतक्या वर्षांनी का होईना, एक शब्द बोलणार, आणि खरं सांगतो, त्या एका शब्दावर मी सगळं सोडून द्यायला तयार होतो.

"किसनराव," दाजी म्हणाले, "त्या दिशी तुमी नारळ फोडायला नको हुता. नुसतं न्हाई म्हनला असता, तर मी ट्रॅक्टर माघारी फिरवला असता. मी वाट बगत हुतो. तुमी काईच बोलला न्हाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बहीण दिलेला भाऊ दाजींपुढे तोंड उघडत नाही, हे आमच्यात शेंबड्या पोराला कळतं. दाजींना तर ते माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. त्या भरवशावरच ते त्या दिवशी मडगार्डवर बसून आले होते, आणि आता त्याचाही दोष माझ्याच पदरात घालून जायला निघाले होते. ओठावर आलेलं सगळं मी त्या दिवशी त्यांना सुनावणार होतो.

तेवढ्यात आक्का चहाचा कप घेऊन आत आली आणि दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत उभी राहिली. मी कप घेतला आणि दाजींना उठवून बसवलं.